झिजतेय म्हणालीस ते

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, मी झिजतेय गं." आणि मी काय बोलले? "झिजतेय काय, दमलेय म्हण." जन्मभर वह्या तपासल्या, लाल पेन हातातून सुटत नाही. तू फोन ठेवलास. झोप होते ना तुझी नीट?

सकाळी उठून कोश काढला. संस्कृतात क्षीयते, प्राकृतात झिज्जइ, आपल्याकडे झिजणे. म्हणजे क्षय हा त्याच घरातला. वर्गात हे किती कौतुकानं सांगायचे मी! त्या सकाळी मात्र तेवढं वाचलं आणि कोश मिटला.

कापड विरतं, लोखंड गंजतं, माणूस दुखण्यानं खंगतो, आठवणीनं झुरतो. झिजायला मात्र घासणारं काहीतरी लागतं, तेही रोज, थोडं थोडं. पायरी काही एका दिवसात झिजत नाही. तेव्हा शब्द तुझाच बरोबर होता. मी विचारायला हवं होतं, तुला घासतंय कोण? काम? तिथली माणसं? की रोज फोन करकरून आम्हीच?

झिजणे अकर्मक, झिजवणे प्रयोजक. बाबांनी त्या फायलीसाठी दोन वर्षं उंबरठे झिजवले म्हणतो आपण. उंबरठे आहेत तसेच आहेत. झिजल्या त्या चपला, आणि बाबा.

चंदनासारखं झिजावं, असं आजी म्हणायची. तूही निबंधात लिहायचीस आणि मी खूश व्हायचे. पण चंदन आपणहून कुठे झिजतं गं? उगाळणारा हात एकाचा, गंध दुसऱ्याच्या कपाळी. सहाणेचं तर कुणी नावच घेत नाही. आजीची सहाण आठवते ना? मधे असा खळगा पडलाय की चमचाभर पाणी ओतलं तर तिथेच राहतं.

तरी सांगते, नुसतं बसून राहिलं तरी गंज चढतोच. म्हणून घाईनं काही सोडू नकोस, आधी वेळेवर निजायला शीक, दिवा मालवून, फोन लांब ठेवून... बघ, झालं माझं भाषण सुरू. चुकले. सोडावंसं वाटलं तर सोड. कुणी विचारलं तर मी बघून घेईन. तू एकटीनं एवढं उभं केलंस, हे लोकांना सांगताना माझा आवाज आपोआप चढतो, बाबा हसतात.

लहानपणी तुझ्या डाव्या बुटाची टाच बाहेरच्या बाजूनं झिजायची. नवा जोड घ्यावा, चार महिन्यांत तेच. जिन्यात एक पाऊल जड, एक हलकं वाजलं की दार उघडायच्या आधीच कळायचं, तू आलीस. तुला किती रागवायचे त्यावरून, सरळ चाल म्हणून.

टाच अजून तशीच झिजते का, कळव. आणि काल किती वाजता झोपलीस, तेही.

तुझी,
आई