रिकाम्या सर्व्हरची वीज ‘पीयूई’त दिसत नाही

महोदय,

ऐरोली, रबाळे, महापेपासून पवई-चांदिवलीपर्यंत डेटा सेंटरच्या इमारती उभ्या राहत आहेत. त्यांना वीज कोठून द्यायची यावर बरेच लिहिले जाते, पण आतली यंत्रे त्या विजेचे करतात काय, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारलेच तर ‘पीयूई’ हा आकडा पुढे केला जातो. इमारतीची एकूण वीज भागिले त्यातली फक्त संगणक उपकरणांची वीज, म्हणजे पीयूई. तो १ च्या जितका जवळ, तितकी इमारत काटकसरी, असा समज आहे. वातानुकूलन आणि यूपीएसपुरता तो खराही आहे. सर्व्हरच्या बाबतीत मात्र हाच आकडा उलटी दिशा दाखवू शकतो.

समजा, संगणकांना १००० किलोवॉट आणि बाकी सगळ्याला ५०० किलोवॉट लागतात, म्हणजे पीयूई १.५. बिनकामाचे सर्व्हर बंद करून संगणकांची वीज ८०० वर आणली. पंप, पंखे, यूपीएस यांचा काही खर्च भार उतरला तरी तसाच राहतो, म्हणून बाकीची वीज ४४० पर्यंतच खाली आली. एकूण वापर १५०० वरून १२४० झाला आणि पीयूई १.५५! २६० किलोवॉट वाचवणाऱ्याच्या प्रगतिपुस्तकावर लाल शेरा.

आणि बिनकामाचे सर्व्हर थोडेथोडके नसतात. गूगलमधले लुईझ बारोसो आणि उर्स होल्झल यांनी २००७ मध्येच दाखवले होते की सर्व्हर बहुतेक वेळ १० ते ५० टक्के क्षमतेवरच चालतात आणि रिकामे असतानाही कमाल विजेच्या साधारण निम्मी वीज घेतात. नवी यंत्रे यात सुधारली आहेत, पण शून्य कामाला शून्य वीज हे अजून दूर आहे. रिकामा असताना २५० आणि पूर्ण भाराला ५०० वॉट घेणारे दहा सर्व्हर २० टक्क्यांवर चालवले, तर ढोबळ हिशेबाने ३००० वॉट लागतात. तेच काम चार सर्व्हरवर ५० टक्क्यांनी बसवून सहा बंद केले, तर १५००.

मग हे होत का नाही? कोणते काम कोणत्या सर्व्हरवर चालवायचे हे ठरवणारी कुबरनेटीससारखी प्रणाली यंत्रावर काम टाकताना प्रत्यक्ष वापर पाहत नाही, त्या कामासाठी नोंदवलेली मागणी पाहते. विकासक धास्तीने प्रोसेसरचे चार कोअर मागतो, वापरतो अर्धा. लोकलमध्ये रुमाल टाकून जागा अडवावी, तसे यंत्र कागदावर भरलेले आणि प्रत्यक्षात मोकळे! उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. महिनाअखेर येईल असे निदान दोन आठवडे वापर मोजावा आणि प्रोसेसरची मागणी ९५ व्या शतमानावर, म्हणजे ९५ टक्के नोंदी ज्याच्या आत बसतात त्या पातळीवर, ठेवावी. मेमरीला हा नियम लावू नये. प्रोसेसर कमी पडला तर काम मंदावते, मेमरी कमी पडली तर प्रक्रिया मारली जाते. म्हणून तिथे दिसलेला उच्चांक आणि वर १५-२० टक्के मोकळीक ठेवावी.

खरी गडबड होते ती दोन स्वयंचलित नियंत्रक एकमेकांना न सांगता काम करू लागले की. रॅकच्या, म्हणजे सर्व्हर रचलेल्या कपाटाच्या, ब्रेकरवर भार वाढला, म्हणून वीज-नियंत्रकाने प्रोसेसरचा वेग उतरवला. वेग उतरल्याने तेच काम प्रोसेसरला जास्त वेळ गुंतवू लागले आणि वापर ६० वरून ८५ टक्के दिसू लागला. दर १५ सेकंदांनी हा आकडा पाहून प्रोग्रॅमच्या चालू प्रती कमी-जास्त करणाऱ्या ऑटोस्केलरला वाटले गर्दी वाढली, त्याने आणखी प्रती सुरू केल्या. त्या त्याच रॅकवर आल्या तर वीज पुन्हा वाढते आणि वेग आणखी उतरतो. पडद्यावर दोन्ही नियंत्रक ‘व्यवस्थित’ असतात! म्हणून अशा ठिकाणी प्रतींची संख्या प्रोसेसरच्या टक्केवारीवर न ठरवता थांबलेल्या कामांच्या रांगेची लांबी किंवा प्रतिसादाचा वेळ यावर ठरवावी आणि वेग उतरवलेल्या रॅकवर नवे काम टाकायचे नाही, हे काम वाटणाऱ्या शेड्यूलरला कळवावे. वेगावर मर्यादा लावण्याचा आणि ती सोडण्याचा उंबरठाही वेगळा हवा. ९९ टक्के भाराला लावली, तर ९० च्या खाली आल्यावरच सोडावी, नाहीतर वेग सतत वरखाली होत राहतो. आधी बॅचची, म्हणजे गठ्ठ्याने चालणारी आणि थांबू शकणारी, कामे मंद करावीत, डेटाबेस सर्वांत शेवटी.

ऑटोस्केलर गर्दी दिसल्यावर धावतो, बंद सर्व्हर उठायला काही मिनिटे लागतात. गणपतीच्या गाड्यांचे आरक्षण सकाळी ८ ला उघडते, तत्काळ १० आणि ११ ला, शेअर बाजार सव्वानऊला. या वेळा सगळ्यांना ठाऊक असताना यंत्राने त्या दर वेळी नव्याने शोधाव्यात कशाला? वीस मिनिटे आधी सर्व्हर जागे करण्याची साधी वेळापत्रकी नोंद पुरते.

रात्री बॅच चालवण्याच्या सवयीकडेही पाहायला हवे. केंद्राच्या २०२३ च्या नियमदुरुस्तीनुसार सौर तासांतला, म्हणजे दिवसा सौरवीज मिळते त्या वेळेचा, दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि उद्योग-व्यवसायांना गर्दीच्या तासांतला किमान १.२ पट असायला हवा. अहवाल, व्हिडिओ-रूपांतर, मॉडेल-प्रशिक्षण ही कामे दुपारी सरकवता येतात, अर्थात तेव्हा यंत्रांवर जागा असेल तर. पुन्हा प्रश्न त्या रुमालांचाच.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई अंधारात गेली, तशी वेळ आली तर बंद सर्व्हर एकदम चालू होता कामा नयेत. वीज परतल्यावर प्रत्येकाने किती थांबायचे, हा विलंब बायोसमध्ये, म्हणजे सर्व्हर सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत, वेगवेगळा ठेवता येतो. तो आधीच ठेवून तपासलेला असावा.

इमारतमालक म्हणतील की भाडेकरूच्या सर्व्हरमध्ये डोकावण्याचा अधिकार आम्हाला नाही. ते बरोबर आहे, पण रॅकला वीज वाटणाऱ्या पीडीयूवर मीटर असतो. वाढीव जोडभार मंजूर करण्यापूर्वी वीज कंपनीने त्याची तासागणिक एका महिन्याची नोंद मागावी. पहाटे तीनला आणि सकाळी अकराला जे रॅक सारखीच वीज ओढतात, ते एकतर अहोरात्र राबत आहेत किंवा अहोरात्र रिकामे आहेत. यातले नक्की कोणते, ते भाडेकरूने लेखी सांगावे.

— वितरित संगणक प्रणालींवर काम करणारे काही अभियंते, मुंबई