वरच्या मजल्यावरच्या दिदीस

प्रिय दिदी,

हे पत्र तुम्हाला वाचता येईल, पण समजेल अर्धंच. मराठी-नेपाळीची लिपी एक असल्याची ही गंमत. तुम्ही ते भिनाजूंना, म्हणजे आमच्या भावोजींना, मोठ्याने वाचून दाखवाल आणि अडलं की मला फोन लावून ‘ए बहिनी, यो के हो?’ विचाराल. विचारा. मराठीत लिहितेय, कारण आभार मानायला लागले की माझी हिंदी दूरदर्शनच्या बातम्यांसारखी होते. शिवाय आमच्या माणसांनीही हे वाचावं असं वाटतं. का, ते पुढे येईल.

तुम्ही सिडनी सोडून होबार्टला गेलात त्याला आठ महिने झाले. तुमच्या घरात आता एक जोडपं राहतं. शांत आहे. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून भांडत नाही. आपली ओळख त्या दोरीवरूनच झाली होती ना? मी तुमच्या ओल्या चादरी एका बाजूला सरकवून माझे कपडे घातले होते आणि जिन्यात तुम्ही मला जे सुनावलंत ते निम्मं नेपाळीत होतं, तरी सगळं कळलं. पुढे वर्षभर आपण एकमेकींना नुसती मान हलवून ओळख द्यायचो.

मग आला २०२१चा सप्टेंबर. सिडनी २६ जूनपासून बंद होती आणि देशाच्या सीमा तर त्याच्याही आधीपासून, २०२०च्या मार्चपासून. आईने लातूरला आळिवाचे आणि डिंकाचे लाडू करून ठेवले होते. ‘विमान सुरू झालं की निघतेच,’ म्हणायची. शेवटी ते बाबांनी संपवले. २४ तारखेला मुलगी झाली, तिसऱ्या दिवशी मी घरी आले आणि आठवडा उलटायच्या आत नवरा गोदामातल्या रात्रपाळीला परत गेला. आपल्या रॉकडेलला विमानतळ इतका जवळ, की एरवी बोलता बोलता विमान जाईपर्यंत थांबावं लागतं. त्या दिवसांत आभाळात काहीच नव्हतं. बाळ झोपलं की घरात फक्त फ्रीजचा आवाज.

दार वाजलं. तुम्ही मास्क लावून दोन पायऱ्या खाली उभ्या होतात आणि उंबऱ्याशी स्टीलचा डबा होता. ‘ज्वानोको झोल,’ म्हणालात. मला काही कळलं नाही. झाकण उघडलं तर वास ओव्याचा. तुपात परतलेला ओवा, हळद, वर पातळ कढण. आमच्याकडेही बाळंतिणीच्या खोलीला हाच वास असतो, दिदी. शेगडीवर ओवा टाकतात, तोंडात ओवा देतात, पाण्यातही ओवा. मी डबा हातात घेऊन तशीच उभी राहिले. तुम्हाला वाटलं आवडलं नाही, म्हणून तुम्ही जरा दरडावूनच म्हणालात, ‘सुत्केरीले खानुपर्छ.’ बाळंतिणीने खायलाच हवं. खाल्लं.

त्यानंतर तुम्ही रोज आलात. आजारी-अडलेल्याची काळजी घ्यायला दुसऱ्याच्या घरात जाण्याची मुभा होती, एवढाच काय तो नियमाचा आधार. वृद्धाश्रमातली रात्रपाळी संपवून साडेसातला घरी यायचं, आंघोळ करायची, स्वतःच्या घरच्या पाचजणांचा डाळ-भात चढवायचा आणि मग खाली येऊन माझ्या मुलीला तेल लावायचं. तुम्ही झोपत कधी होतात हे मी तेव्हा विचारलं नाही. आता विचारायची लाज वाटते.

तेलावरून आपलं वाजलंच होतं. तुमचं मोहरीचं तेल, त्यात काळे पडेपर्यंत तळलेले मेथीदाणे. मला तो उग्र वास नको होता, मला खोबरेल हवं होतं. शेवटी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिची लातुरी हिंदी आणि तुमची मालिका पाहून शिकलेली हिंदी, कोण काय बोलतंय ते मला मध्ये बसून कळेना, पण तुम्हा दोघींना कळत होतं. आईने निकाल दिला: ‘ज्याचे हात त्याचं तेल. गप लावून घे.’

मग पाचवीचा घोळ. आमच्याकडे पाचव्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. तुमच्याकडे तेच काम भावी करते, पण सहाव्या रात्री, छैठीला. वाद नको म्हणून दोन्ही रात्री दिवा लावला, वही-पेन ठेवलं. पेन एकच होतं, सुपरमार्केटचं. दोघींपैकी कुणी काय लिहिलं देव जाणे. मुलगी हट्टी निघाली आहे, ते कुणाचं अक्षर म्हणायचं?

आणि ‘नानी’. तुम्ही बाळाला नानी म्हणायला लागलात तेव्हा नवरा चक्रावला. पाच दिवसांच्या पोरीला आत्तापासून नानी काय म्हणून? तुमच्यात नानी म्हणजे लहान लेकरू, हे कळेपर्यंत त्याने दोन दिवस तुमच्यावर संशय घेतला होता. त्यालाही तुम्ही ‘ज्वाईं’ करून टाकलंत. साऱ्या बिल्डिंगचा जावई. धाकट्या बहिणीचा नवरा म्हणून तो मान मिळायचा, त्यामुळे तुमच्या घरी त्याला भांडी घासू दिली जात नसत आणि आमच्या घरी मी त्याच्याकडून दुप्पट घासून घेत असे.

७ ऑक्टोबरला घटस्थापना होती. तुम्ही आदल्या संध्याकाळी आलात ते मदत करायला नव्हे, मागायला. तुमचं घर पाचजणांनी भरलेलं, एकही कपाट रिकामं नाही. आमच्या बोळातलं चादरींचं कपाट अंधारं होतं आणि अर्धं रिकामं. ते नऊ दिवस उसनं हवं होतं. जमरा, म्हणजे जवाची रोपं, लावायला. मी म्हटलं, आमच्याकडेही घट बसवतात, मलाही यंदा बसवायचाय. मग ज्वाईंना जव आणायला पिटाळलं. ते सुपरमार्केटमधून पांढरेशुभ्र, सोलून पॉलिश केलेले जव घेऊन आले, सूपमध्ये घालतात ते. तुम्ही ओट्याला धरून हसलात. सोललेला जव सात जन्मांत उगवणार नाही! अख्खे सालाचे जव तुमच्याच डब्यातून निघाले.

एकाच सकाळी दोन्ही पेरणी झाली. मागच्या अंगणातली माती, त्याच दोरीच्या खालची. माझा घट दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, शेजारी नंदादीप, वर रोज एक माळ. तुमचा जमरा कपाटात, ओल्या फडक्याखाली, दार घट्ट बंद. तुम्ही दोनदा येऊन दार बोटभर उघडून पाणी शिंपडायचात आणि कुणी झोपलेलं असावं तसं हळूच लावून घ्यायचात. सहाव्या-सातव्या दिवशी मी चोरून पाहिलं. माझं धान हिरवं झालं होतं. तुमचं उंच, पण पिवळं, रोगट. उजेडावाचून मेलं बिचारं, असं वाटून मी दार उघडंच ठेवलं. संध्याकाळी तुम्ही पाहिलंत. डोक्याला हात लावून खालीच बसलात. ‘पहेँलो नै चाहिन्छ, बहिनी!’ पिवळंच हवं असतं. उजेड लागू द्यायचाच नसतो, त्या पिवळ्या रंगासाठी तर सगळा खटाटोप. थोड्या पात्यांची टोकं हिरवी झालीच. तुम्ही तीही वापरलीत आणि कुणाला काही बोलला नाहीत.

११ तारखेला सिडनी उघडली, ज्यांनी लस घेतली त्यांना घरी दहाजणांपर्यंत बोलावता येऊ लागलं. १५ तारखेला, शुक्रवारी, तुमच्याकडे विजयादशमीचा टिका. तुम्ही रात्रपाळीवरून थेट आलेल्या, डोळे लाल. परातीत तांदूळ, दही आणि अबीर कालवलेला. तिकडे नेपाळात, गोरखा जिल्ह्यात, तुमच्या आमाने, म्हणजे आईने, फोनच्या काचेवर बोटाने टिका टेकवला आणि इकडे तुम्ही फोनसमोर कपाळ झुकवलंत. आमाच्या बोटाने कॅमेरा झाकला गेला, पडदाभर नुसता लाल रंग. कुणी हसलं नाही.

मग आम्हाला. तुम्ही तो ओला तांदूळ माझ्या कपाळावर दाबलात, दह्याचा एक थेंब नाकावर ओघळला, कानामागे जमरा खोचलात आणि हातात वीस डॉलरची नोट. आमच्यात धाकट्याने थोरल्याला सोनं द्यायचं आणि पाया पडायचं. आपटा कुठून आणणार, मी सोनेरी कागदाची पानं कापून आणली होती. ती दिली आणि वाकले, तर तुम्ही दंड धरून उभं केलंत. चेलीबेटीने माहेरी वाकायचं नसतं. मग तुमचा धाकटा भाऊ पुढे आला, दिवसा कॉलेज करून रात्री घरोघर जेवण पोचवणारा तो पोरगा. नात्याने तो आता मामा. त्याने हेल्मेट काढून ठेवलं, दुपट्यातून बाहेर आलेल्या त्या तीन आठवड्यांच्या पायांवर कपाळ टेकवलं. त्याचा टिका तिच्या तळव्याला लागला. तो मी तीन दिवस पुसला नाही.

आता आमच्या माणसांनी हे का वाचावं ते सांगते.

पुण्यात आमच्या सोसायटीत एक वॉचमन होते. आम्ही त्यांना बहादूर म्हणायचो. त्यांच्या आधीच्यांनाही बहादूरच म्हणायचो आणि नंतरच्यांनाही. दसऱ्याच्या आधी ते महिनाभर गावी जायचे आणि दरवर्षी मीटिंगमध्ये तक्रार असायची, ऐन दिवाळीत बहादूर कसा नसतो. एका वर्षी त्यांना रजा दिली नाही. त्या दसऱ्याला ते गेटवर बसले होते, कपाळभर लाल तांदूळ, कानामागे पिवळं गवत. आम्ही पोरं हसलो. मी दहावीत होते, न कळण्याचं वय नव्हतं. तेच गवत दसऱ्याला माझ्या आजोबांच्या टोपीत खोचलेलं असायचं, त्यांना कधी कुणी हसलं नाही. त्या वॉचमनबाबांचं नाव मला आजही माहीत नाही. तुम्ही मात्र डबा घेऊन आलात त्याच दिवशी मला बहिनी म्हणालात, आणि माझं नाव तुम्हाला त्याआधीच माहीत होतं, पत्रपेटीवर वाचून ठेवलेलं.

त्याच ऑगस्टमध्ये जनगणनेचा फॉर्म आपण घरात बसून भरला होता. नंतर आकडा आला, ऑस्ट्रेलियात नेपाळमध्ये जन्मलेले १,२२,५०६. पाच वर्षांत दुपटीहून जास्त. भिनाजू म्हणाले, ‘ज्यांच्याकडे देउसीला जायचं राहिलंय ते सगळे यात धरलेत का?’ तिहारला, म्हणजे तुमच्या दिवाळीला, ती देउसी मी पाहिली. दारोदार नाचत-गात फिरणारी तुमची टोळी, मादल, आणि शेजारच्या ग्रीक आजोबांनी कौतुकाने दिलेले पाच डॉलर. जमलेले पैसे गावच्या शाळेच्या छपराला जातात, २०१५च्या भूकंपापासून, हे तुम्ही मला मोजता मोजता सांगितलंत, अगदी सहज. त्याच रात्री सेलरोटी. तुमच्या हातून पिठाची धार तेलात गोल फिरायची, माझी भलतीकडेच जायची. धूर झाला, आलार्म बोंबलायला लागला, तुम्ही स्टुलावर चढून त्याला टॉवेलने वारा घालत होतात आणि खालून मी विचारत होते, की दिदी, ही उलटायची कधी?

पुढच्या वर्षीच्या तीजचं सगळं नाही लिहीत. तुमची तीज म्हणजे आमची हरतालिका, एकच दिवस, गणपतीच्या आदला. आमच्याकडे त्या दिवशी मुकाट उपास असतो. तुम्ही आदल्या रात्री पोट फुटेस्तोवर ‘दर’, म्हणजे उपासाआधीचं जेवण, खाता आणि मग लाल साडीत नाचता. मला तुमची पद्धत जास्त पटली, आईला सांगू नका. फक्त तो कार्यक्रम तिथीच्या तीन आठवडे आधी होता, कारण हॉल त्या शनिवारचाच मिळाला. यात आमचं मराठी मंडळ आणि तुम्ही अगदी सारखे. इथला पंचांगकर्ता म्हणजे हॉलचा बुकिंग क्लार्क.

तुम्ही व्हिसाच्या गुणांसाठी होबार्टला गेलात हे मला समजतं. राग नाही. जाताना जवाचा डबा मला देऊन गेलात, तळाशी वाटीभर उरलेले.

सोमवारी घट बसले. ते जव मी पेरलेत, अर्धे कोपऱ्यात दिव्याशी आणि अर्धे चादरींच्या कपाटात. नानी आता चार वर्षांची झाली. तिला सांगितलंय, आत बाळ झोपलंय, दार उघडायचं नाही. ती दिवसातून दहा वेळा उघडून बघते, उठलं का ते. त्यामुळे यंदाही टोकं हिरवी होणार. दशमीला फोन लावते, तुमचं बोट काचेवर टेकवा. जरा वरच्या बाजूला, कॅमेरा सोडून, म्हणजे तुमचं तोंडही दिसेल.

तुमची
बहिनी
(खालच्या मजल्यावरची)