लंडनच्या टॅक्सीत गवत नसतं हो!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत विचित्र कायद्यांची चौकट छापलीत, त्यात लंडनच्या टॅक्सीवाल्याला आजही डिकीत गवताची पेंढी ठेवावी लागते असं ठोकून दिलंय. अहो हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा जुना फॉरवर्ड आहे, निदान पेपरने तरी तपासून छापावं. १८३१ च्या कायद्यात होतं ते एवढंच की भाड्याच्या गाडीच्या घोड्याला रस्त्यात खायला घालायचं तर तोबरा बांधून दाणा द्या नाहीतर हातात धरून गवत द्या. पेंढी बाळगायची सक्ती नव्हतीच आणि तोबऱ्याचं ते कलमसुद्धा १९७६ ला रद्द झालं.

खरं विचित्र ते तुमच्या चौकटीत राहूनच गेलं. लंडनच्या काळ्या टॅक्सीला कायद्याच्या कागदावर अजून 'हॅकनी कॅरेज' म्हणतात. हॅकनी हे लंडनच्या पूर्वेचं गाव, आता शहरातच आलंय, तिथल्या कुरणांत घोडे चरायचे त्यावरून नाव पडलं असं बहुतेक जाणकार मानतात. आधी हॅकनी म्हणजे लढाईचा नाही, नांगराचा नाही, साधा स्वारीचा शांत चालीचा घोडा. असा घोडा भाड्याने द्यायला बरा, म्हणून हळूहळू हॅकनी म्हणजे भाड्याचा घोडा आणि मग भाड्याची गाडी. आता भाड्याच्या घोड्याचे हाल काय होतात ते सांगायला नको, घेणारा पैसे वसूल होईस्तोवर पिटाळणार, त्याच्या बापाचं काय जातंय! केंब्रिजला थॉमस हॉब्सन म्हणून एक होता, विद्यार्थ्यांना घोडे भाड्याने द्यायचा, पोरं सारखी तेच दोनचार चांगले घोडे मागून त्यांची वाट लावायची म्हणून त्याने नियमच केला की दाराजवळ जो उभा असेल तो घ्या नाहीतर चालायला लागा, म्हणजे आळीपाळीने सगळ्या घोड्यांना विश्रांती. इंग्रजीतला 'हॉब्सन्स चॉइस' तो हाच. १६३१ ला वारला तेव्हा तरुण मिल्टनने त्याच्यावर कविता केल्या होत्या.

पुढे शब्दाची पार रया गेली. 'हॅक' म्हणजे मरतुकडं घोडं, पैशासाठी वाट्टेल ते लिहिणारा लेखकही हॅकच, आणि वापरून वापरून गुळगुळीत झालेलं वाक्य 'हॅकनीड'. धंदा करणाऱ्या बाईलाही एके काळी हाच शब्द लावायचे. आपण तरी 'भाडोत्री' कुठे चांगल्या अर्थाने म्हणतो म्हणा. मला मात्र यात घोड्यावर सरळ अन्याय वाटतो, दमवलं गिऱ्हाइकाने, गल्ला भरला मालकाचा आणि बदनाम कोण तर घोडा. त्यात हॅकनी नावाची घोड्यांची एक जातही आहे, गुडघे वर उचलून अशी ऐटीत दुडकत चालते की बघत राहावं.

गाड्यांचं म्हणाल तर १६३४ ला बेली नावाच्या एका निवृत्त कप्तानाने लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर चारेक हॅकनी गाड्या उभ्या केल्या, माणसांना गणवेश दिला, दर ठरवून दिले, झाला स्टँड तयार! लगेच पुढच्या वर्षी राजाने गर्दी होते म्हणून बंधनं घातली. १६५४ ला क्रॉमवेलच्या राजवटीत २०० गाडीवाले आणि ३०० गाड्या अशी मर्यादा आली, १६६२ ला ४०० गाड्या, १६९४ ला ७००, म्हणजे परमिटची भानगड तेव्हापासूनची.

आणि हे नुसतं जुनं नाव नाही, त्यावर आजही लोकांची रोजीरोटी आहे. रस्त्यात हात करून थांबवता येते ती हॅकनी, आधी बुक करावी लागते ती प्रायव्हेट हायर, ऊबर त्यातलीच. हात करणारं गिऱ्हाईक प्रायव्हेट हायरवाल्याने तसंच घेतलं तर तो चक्क गुन्हा. लंडनबाहेर इंग्लंडात तर टॅक्सीचं लायसन अजून १८४७ च्या कायद्याखाली देतात. इतकं लांब कशाला, आपल्या कोलकात्यात हाताने ओढायच्या रिक्षा १९१९ च्या हॅकनी कॅरेज कायद्याखाली आल्या, तिथे तर घोड्याच्या जागी माणूसच जुंपला.

तेव्हा पुढच्या रविवारी चौकट दुरुस्त करून छापा, आणि जागा उरलीच तर गवताऐवजी कोलकात्याची ही गोष्ट टाका.

आपला,
एक जुना वाचक, ठाणे