मथळा वरच्या बातमीचा की खालच्या?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यापासून आपल्या अंकाचं रूप बदललं आहे. अक्षर सुबक आहे, रंग भडक नाहीत, त्याबद्दल तक्रार नाही. पण मंगळवारी पान ३ वर दोन फोटो एकाखाली एक आले होते. वर जुना पूल, खाली सत्कार झालेले शास्त्रज्ञ. पुलाची फोटोओळ दोघांच्या बरोबर मध्ये, दोन्हीकडून सारख्याच अंतरावर. त्यामुळे 'उद्यापासून दुरुस्तीसाठी बंद' ही ओळ शास्त्रज्ञांच्या डोक्यावर बसली होती. मी हसलो, पण माझ्यातला जुना कंपोझिटर काही हसला नाही.

छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवण्यात माझी उमेद गेली. आमच्या हेडकंपोझिटरांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं की मथळ्याच्या वर जास्त जागा सोडायची, खाली कमी. म्हणजे तो आपल्या बातमीला चिकटतो आणि वरच्या बातमीपासून सुटतो. कारण विचारायची सोय नव्हती. ते पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं. जर्मनीत मॅक्स वर्थहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये साध्या ठिपक्यांवरून दाखवलं होतं की जवळजवळ असलेले ठिपके डोळा आपोआप एका गटात धरतो. मध्ये रेघ ओढावी लागत नाही. आपल्या नव्या पानांवर मात्र रेघाच रेघा आहेत. चौकटीत चौकट, तिच्यात पुन्हा रंगाची पट्टी. नुसतं १२ पॉइंट अंतर सोडलं असतं, म्हणजे इंचाचा सहावा भाग, तरी निम्म्या रेघा गळाल्या असत्या.

ओळींचंही तेच. पूर्वी दोन ओळींमध्ये शिशाच्या पट्ट्या सरकवत. इंग्रजीत शिशाला 'लेड' म्हणतात, म्हणून त्या अंतराला 'लेडिंग'. रोमन लिपीला पुरतं तेवढं अंतर देवनागरीला पुरत नाही. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार, ऋकार, शिवाय 'ट्ठ'सारखी दुमजली जोडाक्षरं. आपल्या संपादकीय पानावर वरच्या ओळीतला उकार खालच्या रफारात अडकलेला मी भिंग लावून पाहिला आहे. (भिंग वयामुळे, पण अडकलेला तो अडकलेलाच.) अक्षर अर्ध्या पॉइंटाने लहान करा, पण ओळी सुट्या करा. वाचायला तेच सोपं जातं.

अरुंद कॉलम दोन्ही कडांना सरळ करण्याचा हट्टही सोडावा. मराठी शब्द प्रत्यय लावून लांबतात. 'विद्यार्थ्यांसाठीच्या' हा एकच शब्द अर्धी ओळ खातो. मग उरलेल्या दोन शब्दांमध्ये एवढं खिंडार पडतं की पानभर वरपासून खालपर्यंत पांढरे ओहोळ वाहताना दिसतात. अशा कॉलमात उजवी कड दातेरी राहिली तर काही बिघडत नाही. डावी सरळ हवी, कारण प्रत्येक ओळ संपली की डोळा तिथेच परततो.

पहिल्या पानावर एकाच मापाचे पाच मथळे असतात, त्यातली मोठी बातमी कोणती हे आपण ठरवायचं की मी? काळ्यावर पांढरं बारीक अक्षर छापण्याबद्दल तर लिहीतच नाही. शाई पसरली की बारीक रेषा बुजतात, हे आपल्या छपाई खात्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.

जागा महाग असते, हे मी नाकारत नाही. आमच्याकडेही शेवटच्या घटकेला जाहिरात आली की पट्ट्या काढून मजकूर दाबून बसवत असू, आणि दुसऱ्या दिवशी ते पान बघायला नको वाटे. तेव्हा हे पत्र छापताना जागा कमी पडली तर मधला एखादा परिच्छेद खुशाल उडवा. मथळ्यावरची जागा तेवढी खाऊ नका.

आपला,
एक निवृत्त कंपोझिटर