केबिन बदलली तेव्हा धावून आलेल्यांचे आभार
जहाजावर चढल्यावर कळलं, आमची केबिन परस्पर बदलली आहे. जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या डेकवरची खोली आईसाठी मुद्दाम घेतली होती. तिथे हेलकावे कमी जाणवतात. मिळाली ती थेट पुढच्या टोकाची. आईचा चेहराच उतरला.

काउंटरवरच्या ताई, तुमचे आभार कसे मानू? मागे रांग वाढत होती, तरी तुम्ही ‘सगळं फुल आहे’ म्हणून आमची बोळवण केली नाहीत. डेकचा नकाशा समोर ठेवून, ऐनवेळी न आलेल्या प्रवाशांच्या खोल्या एकेक करून तपासल्यात आणि मधलीच एक काढून दिलीत. वर आठवणीने सांगितलंत, ‘केबिन बदलली की आणीबाणीत जमायची जागाही बदलू शकते, नव्या कार्डावर बघून घ्या.’ हे एरवी कोण सांगतं!

बॅगांच्या टॅगवर अर्थातच जुना नंबर. तो पेनाने खोडून, नवा लिहून, बॅगा शोधून आणणारे दादा, आईच्या गोळ्या त्यातच होत्या हो! आणि तोवर आईचा हात धरून गप्पा मारत बसलेल्या सहप्रवासी काकू, तुम्हालाही मनापासून धन्यवाद. आई पुढे रोज डेकवर हौसेने फिरली.