सड्यावरचे फायबरचे पंख

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

खानापूर तालुक्यात मी 31 वर्षं चित्रकला शिकवली. दर भाद्रपदात पोरांना घेऊन चोर्ल्याकडच्या एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर जायचो. निवृत्तीनंतर एकटा जातो.

गेल्या भाद्रपदात गेलो, तर दरीच्या काठाला दहा-बारा फुटी फायबरचे दोन पंख उभे. मधोमध उभं राहून फोटो काढायचा. एका खासगी पर्यटन केंद्रवाल्यांनी ‘कलाकृती’ म्हणून ते बसवलेत. अजून सात-आठ आकृत्या आणि रात्रीचे दिवे येणार आहेत, असं तिथल्या गवंड्यानं सांगितलं. “सर, मोकळंच तर पडलंय सगळं,” हेही तोच म्हणाला.

मोकळं नाही हो ते! जांभ्यावर माती असते बोट-दोन बोटं. तेवढ्यातच सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू पावसाळाभर फुलतात. त्या मातीत कस नाही, म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू बारीक किडे धरून जगतात. आता पंखांचा चौथरा आहे तिथून चार पावलांवर खडकात एक डबकं असायचं. त्याच्या काठाला बसून पोरं जांभळा रंग कालवायची आणि अर्धा वेळ बेडकांची पिल्लं बघण्यात घालवायची. चौथऱ्यासाठी जेसीबीनं चर मारला आणि डबक्याचं पाणी त्यातून निघून गेलं. मी बघितलं तेव्हा तळाला चिखल होता, कडेला वाळलेलं शेवाळ. चाकं गेली त्या दोन पट्ट्यांत एकही फूल नव्हतं.

चित्रकलेचा मास्तर असून कलेला विरोध कसा, असं एकानं मला विचारलं. विरोध कलेला नाही. ख्रिस्तो आणि झान-क्लोद या कलाकार जोडप्यानं 1976 साली कॅलिफोर्नियात टेकड्यांवरून थेट समुद्रापर्यंत 18 फूट उंच पांढऱ्या कापडाचं कुंपण घातलं, सुमारे 39 किलोमीटर लांब. त्याआधी 59 शेतमालकांची संमती घेतली, जाहीर सुनावण्या झाल्या, पर्यावरणाचा साडेचारशे पानांचा अहवाल झाला. चौदा दिवसांनी सगळं काढून नेलं. एवढं करूनही त्यांना विरोध चुकला नाही. कोलोरॅडोत नदीवर कापड पसरायची त्यांची योजना रानमेंढ्यांच्या काळजीनं आणि कोर्टकज्ज्यांत वर्षानुवर्षं अडकली. शेवटी 2017 मध्ये ख्रिस्तोंनीच ती सोडून दिली. आमच्या सड्यावर सुनावणी राहू दे, गावात कुणी साधं विचारायलाही आलं नाही.

बेळगावात दिवाळीला गल्लोगल्ली पोरं किल्ले करतात. काय सुरेख करतात! सण सरला की ती माती परसात जाते. काढून नेता येईल असंच काही सड्यावर ठेवायचं असेल, तर कधी काढणार ते आधी कागदावर लिहून द्या. काँक्रीटच ओतायचं असेल, तर रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात, जिथं जमीन आधीच मोडलीय तिथं ओता. मी स्वतः मदतीला येईन.

ग्रामपंचायतीनं आणि वनखात्यानं उरलेल्या आकृत्यांचं काम आत्ताच थांबवावं. आणि मृगाआधी तो चर बुजवावा. बाहेरचा मुरूम नको, त्यातून भलतंच तण येतं. खणून काढलेले जांभ्याचे तुकडे अजून चौथऱ्यामागं ढीग करून पडलेत, तेच परत घाला.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक,
ता. खानापूर, जि. बेळगाव