मन्याला पत्र : टूल ‘व्याज’ या शब्दावर का पडलं

पुणे,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मन्या,

तुझा फोटो मिळाला. कोडमधली कोणती फाइल कोणावर अवलंबून आहे याचं चित्र काढणारं माझं टूल तुझ्याकडे बंद पडलं त्याचा: काळ्या पडद्यावर लाल अक्षरं आणि खाली तुझा प्रश्न, “हेच का तुझं टूल?” दोन दिवस गप्प बसलो, कारण आधी बग सापडायला हवा होता. सापडला. पण आधी हे प्रकरण सुरू कसं झालं ते वाच, फोनवर तू ऐकून घेत नाहीस.

आमच्या ऑफिसात पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतलं एक जुनं बिलिंग आहे. मूळ लिहिणारे केव्हाच सोडून गेले. गेल्या वर्षी मी त्यातलं रक्कम राउंड करायचं एक फंक्शन बदललं आणि भलत्याच कोपऱ्यातला महिनाअखेरचा रिपोर्ट बंद पडला. तो या फंक्शनवर अवलंबून आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. शनिवारी लेकीच्या चित्रकलेचे कागद एकमेकांना चिकटवून, कोणती फाइल कुणाला इम्पोर्ट करते, म्हणजे दुसऱ्या फाइलमधला कोड वापरायला आत ओढून घेते, याचा नकाशा काढायला बसलो. संध्याकाळपर्यंत कागद कपाटाच्या दारावर चढले, दार उघडेना, आणि नकाशा अर्धाही झाला नव्हता.

मग आठवलं, पायथनकडे स्वतःचा कोड वाचायची सोय आहेच की. एएसटी नावाचं त्याचं मॉड्यूल (तयार कोडची फाइल) कुठलीही फाइल न चालवता तिच्या रचनेचं झाड करून देतं. त्या झाडावरून फिरायचं, इम्पोर्ट दिसला की बाण काढायचा. पहिली आवृत्ती जेमतेम ६० ओळींची झाली. बाण ग्राफविझला, म्हणजे आकृत्या काढणाऱ्या प्रोग्रॅमला, दिले आणि चित्र आलं ते संक्रांतीनंतर तारांवर लटकणाऱ्या मांज्यासारखं.

खरा कामाला आला तो टार्जनचा १९७२ चा अल्गोरिदम, आपण परीक्षेपुरता घोकलेला. अ ला ब लागते, ब ला क, क ला परत अ, अशा एकमेकींत अडकलेल्या फायलींचे गठ्ठे तो एकाच फेरीत वेगळे काढतो. सुरुवातीला मी फक्त फाइलच्या माथ्यावरचे इम्पोर्ट मोजत होतो, तेव्हा गठ्ठा लहान दिसला. फंक्शनच्या पोटातलेही धरले तर दुप्पट झाला! चक्रामुळे प्रोग्रॅम सुरूच होईना, तेव्हा कुणीतरी इम्पोर्ट आत ढकलून वेळ मारून नेली होती; पाहुणे आले की पसारा पलंगाखाली सरकवतो तसं. असे बाण मी तुटक रेघांनी दाखवायला लागलो. त्यातली एक रेघ माझीच निघाली. कधी लिहिली ते आठवतही नाही.

कोड किती गुंतागुंतीचा आहे ते सांगणारा मॅककेबचा १९७६ चा आकडाही हौसेनं घातला: फंक्शनमध्ये जितके फाटे, अधिक एक. पस्तावलो. साहेब म्हणाले, “हे माणसागणिक काढता येईल का?” अरे, १५ राज्यांच्या करासाठी १५ सरळ इफ (‘असं असेल तर’च्या अटी) लिहिले तर आकडा १६ येतो आणि तो कोड शाळकरी पोरगंही वाचेल. उलट एकात एक दोन लूप (तेच काम पुन्हापुन्हा करणारे फेरे) असले तर आकडा येतो ३, आणि आपण तासभर डोकं धरून बसतो. आता तो आकडा मुद्दाम मागितल्याशिवाय दिसतच नाही.

सगळ्यांसाठी खुलं करायचं ठरवलं तेव्हा कोडपेक्षा बाकीचंच जड गेलं. घरी लिहिलेलं असलं तरी ऑफिसची लेखी परवानगी घेतली, नोकरीच्या करारात तसं कलम आहे. एमआयटी परवाना लावला, म्हणजे कुणीही वापरावं, बदलावं. मनात धरलेलं नाव आधीच कुणीतरी घेतलेलं. रीडमी, म्हणजे टूलसोबतचं माहितीपत्रक, लिहायला तीन संध्याकाळी गेल्या, आणि त्यात पहिलंच वाक्य टाकलंय की मॉड्यूलचं नाव प्रोग्रॅम चालताना ठरत असेल, तर ते या टूलला दिसत नाही.

आता तुझा बग. तुझ्या पतसंस्थेच्या कोडमध्ये मराठी कॉमेंट आहेत. माझ्याकडे लिनक्स, तिथे फाइल उघडली की यूटीएफ-८ गृहीत धरलं जातं, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिप्यांची अक्षरं बाइटमध्ये, संगणकाच्या आकड्यांत, लिहायची पद्धत. तुझ्या विंडोजवर पायथननं जुनं कोडपेज १२५२ धरलं, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांसाठीचा अक्षरांचा तक्ता. गंमत बघ: तुझी पहिली कॉमेंट ‘इथे हात लावू नये’ टूलनं निमूट गिळली. कचरा म्हणून का होईना, पण वाचली. पुढे ‘व्याज’ आलं आणि आडवं पडलं. जोडाक्षराच्या आत लपलेला जो हलन्त असतो ना, त्याचा तिसरा बाइट त्या तक्त्यात रिकाम्या असलेल्या ५ जागांपैकी एका जागेवर येतो. ‘झ’, ‘ए’ आणि ऱ्हस्व उकारही असेच खड्ड्यात जातात. म्हणजे मराठीतली साधी वाक्यंसुद्धा नशिबानंच वाचतात, आणि मी मराठी माणूस असून एकदाही मराठी कॉमेंटवर चाचणी घेतली नव्हती. लाज वाटली खरंच.

दुरुस्ती एका ओळीची: फाइल बाइट म्हणून उघडायची आणि तशीच एएसटीच्या हवाली करायची, एन्कोडिंगचं, म्हणजे कोणत्या पद्धतीनं अक्षरं वाचायची ते, तो बघून घेतो. तुझ्या त्या दोन्ही कॉमेंट चाचणीच्या फाइलमध्ये जशाच्या तशा टाकल्यात. न विचारता टाकल्या, चालेल ना?

नवी आवृत्ती आज चढवली आहे. उद्या पुन्हा चालवून बघ. टूल कुठेही काही पाठवत नाही, तेव्हा सभासदांच्या माहितीची काळजी नको, पण कोड मला पाठवू नकोस, फक्त चित्र पाठव. व्याजाच्या फाइलभोवती तुटक रेघा किती येतात ते मोज. माझा अंदाज चार. कमी निघाल्या तर गणपतीत कोल्हापूरला आलो की मिसळ माझ्याकडून.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बंड्या